‘हाड वाढलंय’ म्हणून सोडून देण्याआधी पाऊल आतून दाखवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागे टाचदुखीवर छोटा लेख आला होता. त्यात दुखण्याचं कारण म्हणून एकच वाक्य होतं, टाचेचं हाड वाढल्यामुळे, आणि शेजारी काट्यासारखं टोकदार हाड दाखवणारं चित्र. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, छापताना जमेल तेवढं छापा, पण वाचा मात्र पूर्ण.

मी शिक्षिका आहे, बावीस वर्षं फळ्यासमोर उभी राहतेय. दोन वर्षांपूर्वी माझी उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की कुणीतरी टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, भिंत धरून दहा-बारा पावलं टाकली की जरा सैल पडायचं, मग दिवसभर बारीक ठणक, आणि थोडा वेळ बसून परत उठलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एक्स-रे काढला. फिल्म उजेडाला धरून मला सांगितलं, हाड वाढलंय, हा बघा काटा. बस, एवढंच. गोळ्या दिल्या आणि मऊ चपला वापरा म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आठ महिने घाबरून काढले हो. मला खरंच वाटायचं की पाय टेकवला की तो काटा आतून मांसात घुसतोय, त्यामुळं मी चवड्यावर भार देऊन चालायला लागले, त्यानं पोटऱ्या आखडल्या, मग गुडघा धरला, संध्याकाळचं फिरणं बंद झालं, आणि टाच काही थांबली नाही ती नाहीच.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेले. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला, कपाटातून पावलाच्या हाडांचा सांगाडा काढला, तारेत ओवलेला, आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मॅडम, हे पाऊल, आता यात तुमचं दुखतंय कुठं ते बोट ठेवून दाखवा. मी टाचेवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, इथं नाही, जरा पुढं, आतल्या कडेला, तळव्याच्या बाजूनं. आणि माझ्या खऱ्या टाचेवर नेमक्या त्याच जागी अंगठा दाबला. मी ओरडलेच!

तो सांगाडा हातात खडखडत होता आणि मी बघतच राहिले. मी स्वतः मुलांकडून डोळ्याची, हृदयाची, किडनीची आकृती काढून घेते, भागांना नावं द्या म्हणते, पण पावलाची आकृती ना मी शिकले ना कधी शिकवली. एका पावलात २६ हाडं असतात. मागची सात आखूड आणि ओबडधोबड, मधली पाच लांबट, आणि बोटांची चौदा, अंगठ्यात दोन आणि बाकी प्रत्येक बोटात तीन, करंगळी एवढीशी दिसते तरी तिच्यातसुद्धा तीनच (काही जणांच्या करंगळीत दोन हाडं जुळलेली असतात ते सोडा). दोन्ही पावलांची मिळून ५२. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात हाडं २०६, म्हणजे चौथा हिस्सा घोट्याच्या खाली आहे! शिवाय अंगठ्याच्या मुळाशी तळव्याकडून मण्यासारखी दोन बारकी हाडं असतात ती या हिशोबात धरतच नाहीत, आणि आपण चालताना अंगठ्याखाली जो भार येतो तो आधी त्या दोन मण्यांवर येतो. सांधे ३३. स्नायू, त्यांच्या दोऱ्या आणि हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे मोजले तर शंभराच्या वर जातात. आणि आपण या सगळ्याला म्हणतो काय, तर पाय दुखतोय.

मागच्या सात हाडांत सगळ्यात मोठं टाचेचं. त्याच्यावर जे बसतं ते घोट्याचं हाड, इंग्रजीत टेलस म्हणतात. हे हाड मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण अख्ख्या शरीराचा भार नडगीतून त्याच्यावर उतरतो आणि तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वर नडगी, खाली टाच, पुढं होडीच्या आकाराचं एक हाड, या सगळ्यांच्या मधे ते नुसतं धरून ठेवलेलं आहे, निम्म्याहून जास्त पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेचा. म्हणूनच त्याला रक्त पोचायला वाटा कमी, आणि ते मधल्या निमुळत्या भागापाशी (त्याला हाडाची मान म्हणतात) मोडलं तर जुळायला फार त्रास देतं, कधीकधी रक्ताअभावी हाडाचा भाग मरतोसुद्धा. त्या होडीच्या हाडापुढं ओळीनं तीन पाचरी आहेत, खरोखर लाकूड फोडायच्या पाचरीसारख्या, त्यातल्या मधली आणि बाहेरची वरून रुंद आणि खालून अरुंद, त्यामुळं शेजारी शेजारी लावल्या की आपोआप कमान तयार होते, दगडी कमानीत दगड बसवतात तशी.

पावलाला कमान असते हे आपल्याला माहीत असतं पण आपण एकच धरतो, आतल्या बाजूची, ओलं पाऊल फरशीवर उमटलं की जी जागा कोरडी राहते ती. बाहेरच्या कडेलाही एक असते, बुटकी, आणि तिसरी आडवी, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. ही आडवी कमान बरीच वर्षं फारशी कुणी लक्षात घेतली नव्हती. २०२० मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला त्यात दिसलं की पावलाला लांबीच्या दिशेनं जो ताठपणा मिळतो त्यातला ४० टक्क्यांहून जास्त या आडव्या कमानीमुळं मिळतो. साधा कागद हातात आडवा धरला की पुढून लोंबतो, पण त्याच कागदाला मधून थोडी पन्हळ दिली की ताठ उभा राहतो ना, तसंच. वर्गात करून दाखवलं मी, मुलं खूश झाली.

आता माझ्या दुखण्यावर येते. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या कडेला, एक जाड पांढरा चिवट पट्टा सुरू होतो आणि तळव्यातून जाऊन पाच फाटे फुटून बोटांच्या मुळाशी पोचतो. डॉक्टर लोक त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. कमान हे धनुष्य धरलं तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. आत्ता वाचता वाचता करून बघा, पाय मांडीवर घ्या, एका हातानं अंगठा मागे नडगीकडं ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट तळव्याच्या मधे आतल्या बाजूला ठेवा. कातडीखाली ताणलेली दोरी लागेल, आणि कमान उचलताना डोळ्यांना दिसेल. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या संशोधकानं ही रचना समजावून सांगितली, विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जातो तसा हा पट्टा अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, आखूड होतो आणि कमान वर खेचतो. चालताना टाच उचलली की बोटं आपोआप मागे वाकतात, पट्टा ताणला जातो आणि क्षणापूर्वी सैल असलेलं पाऊल लोखंडी कांबीसारखं कडक होतं, त्या जोरावर आपण पुढं ढकलले जातो. म्हणजे बघा, टाच टेकली की पाऊल थोडं आत कलतं, सैल होतं, खालची जमीन कशीही असो तिच्याप्रमाणं बसतं, आणि लगेच अर्ध्या सेकंदात तेच पाऊल कडक होतं. एकच अवयव पोत्यासारखा मऊ आणि कांबीसारखा कडक, आळीपाळीनं, दिवसातून हजारो वेळा.

हा पट्टा रात्रभर आखडलेला राहतो, झोपेत पाऊल खाली लोंबतं ना. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, आणि त्याचं टाचेजवळचं मूळ आधीच झिजलेलं, चरचरलेलं असेल तर जी कळ येते ती ही. काट्याचा याच्याशी संबंध फार थोडा. ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तो काटा असतो, आणि ज्यांची भयंकर दुखते अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेत नसतो. तो काटा खाली टोक करून तर नसतोच, पुढं बोटांच्या दिशेनं आडवा असतो, पाय टेकवल्यावर टोचणार कुठून? हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. मला राग त्या एक्स-रे बघणाऱ्यांचा नाही, त्यांच्यामागं पेशंटची रांग असते हे मला कळतं, पण दोन मिनिटं जास्त देऊन एक चित्र दाखवायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

बाईंनी मला दिलेला उपाय सांगते. अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी बसल्या बसल्या बोटं हातानं मागं ओढायची, पट्टा ताणलेला बोटाला लागला पाहिजे, दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, आणि हेच दिवसातून तीनदा. सोबत भिंतीला हात लावून पोटरीचा ताण, कारण पोटरीची जाड दोरी टाचेच्या मागून जोडलेली असते, ती आखडली की तळव्याच्या पट्ट्यावरचा ओढा वाढतो. चवड्यावर चालून मी नेमकं तेच करून ठेवलं होतं! टाचेला आधार देणारी चप्पल घरातसुद्धा घालायची. बहुतेक लोक अशा साध्या उपायांनी वर्षभरात बरे होतात, मला साडेचार महिने लागले. मी डॉक्टर नाही, टाच गरम असेल, सुजली असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, पडल्यावर दुखायला लागली असेल तर आधी डॉक्टरच, हेही छापा.

पोटरीच्या त्या दोरीबद्दल थोडं. शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत दोरी ती. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता की धावताना एका पावलागणिक शरीरात जेवढी ऊर्जा खाली-वर होते त्यातली साधारण ३५ टक्के ही दोरी ताणून साठवते आणि १७ टक्के पावलाची कमान साठवते, आणि उडी घेताना बरीचशी परत देतात. स्प्रिंगच की ही. आणि टाचेखाली जी गादी आहे ती नुसती चरबी नाही, चरबीचे बारके बारके कप्पे आहेत, मधे चिवट भिंती, मधाच्या पोळ्यासारखे, म्हणून चरबी दाबली तरी बाजूला पळत नाही. वय वाढतं तसा तिचा लवचिकपणा कमी होतो, म्हणून म्हातारपणी कडक फरशी बोचते.

पाय मुरगळणं हा दुसरा विषय, ज्यावर आपण नुसतं चोळून मोकळं होतो. घोट्याचं ते बिनस्नायूचं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग नडगीच्या खालच्या टोकाशी असलेल्या खाचेत घट्ट बसतो, पण पाऊल खाली झुकलं, म्हणजे जिना उतरताना किंवा उंच टाचांच्या सँडलमध्ये, की अरुंद भाग खाचेत येतो आणि घोटा ढिला पडतो. म्हणून पाय जिना उतरताना मुरगळतो, चढताना क्वचित. आणि बहुतेक वेळा पाऊल आत वळतं, बाहेरच्या घोट्याच्या पुढचा पट्टा ताणतो किंवा तुटतो. आमच्या शाळेतली एक मुलगी खेळताना अशीच पडली, सगळ्यांनी लचक लचक म्हणून चोळलं, तिसऱ्या दिवशीही तिला पाय टेकवेना तेव्हा कळलं की पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलंय. तुमच्या पावलाच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवा, करंगळी आणि टाच यांच्या मधोमध एक उंचवटा लागेल, तिथं. याच लांबट हाडाच्या मोडण्याबद्दल रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जननं १९०२ मध्ये लिहिलं होतं, त्याचं स्वतःचं हाड नाचताना मोडलं होतं. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी साधे नियम काढले, जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूच्या उंचवट्याची मागची कड, वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून हाडावर दुखत असेल, किंवा तो बाहेरच्या कडेचा उंचवटा दुखत असेल, किंवा आतल्या बाजूचं होडीसारखं हाड दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. त्या मुलीच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी पहिल्याच मिनिटाला दिसत होत्या आणि तिथं मीसुद्धा उभी होते, मला माहीत नव्हतं.

लहान मुलांच्या सपाट पावलांवरून आईबाप घाबरतात त्याबद्दल दोनच ओळी. बाळाच्या तळव्यात चरबीची गादी असते, कमान दिसतच नाही, हाडंसुद्धा पूर्ण बनलेली नसतात, ते होडीचं हाड तर दोन-तीन वर्षांचं झाल्यावर हाड म्हणून दिसायला लागतं. मुलाला चवड्यावर उभं करा, कमान उमटली आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही.

मधुमेहाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण माझे वडील. दोन वर्षांपूर्वी एक दिवस ते संध्याकाळी घरी आले, बूट काढले, मोजा तळव्याला चिकटलेला आणि लाल. बुटात एक खडा होता, करंगळीच्या नखाएवढा. सकाळपासून ते त्याच्यावर चालत होते आणि त्यांना कळलंच नाही. ते मला म्हणाले, अगं, पण दुखत तर काहीच नाहीये. तळव्याच्या कातडीत इतक्या बारीक संवेदना असतात की गवताची काडी फिरवली तरी पाय झटकन मागे जातो, शरीर तोल सांभाळतं त्यातसुद्धा या संवेदनांचा मोठा हात असतो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की लांबच्या नसा आधी मरतात, आणि शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पावलापर्यंत जातात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. पप्पांची जखम भरायला तीन महिने लागले, पाऊल वाचलं.

म्हणून मधुमेही माणसाच्या घरच्यांनी एक करावं, त्याला डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला स्वतःच्या बोटानं एक-दोन सेकंद हलकासा स्पर्श करा, दाबू नका, टोचू नका, कळलं की हो म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. पावलाला जखम नसतानाही ते अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं तर ते दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा, आतली हाडं खचत असू शकतात. आणि बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचं, आमच्याकडं आता पप्पांच्या बुटात आधी माझा हात जातो, मग त्यांचा पाय.

माझी मागणी अशी आहे. आपल्या पुरवणीत अर्ध्या पानाचं पावलाचं चित्र छापा, एक आतल्या कडेनं, एक वरून आणि एक तळव्याकडून कातडी काढल्यावर दिसतं तसं. पुस्तकात गुल्फास्थी, प्रपदास्थी, अंगुल्यस्थी असे शब्द आहेत, चांगले आहेत, कंसात द्या, पण आधी टाच, घोटा, चवडा, पोटरीची दोरी, तळव्याचा पट्टा हे आपले रोजचे शब्द द्या, म्हणजे डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाला पाय दुखतो याच्या पुढं एक वाक्य नीट सांगता येईल. टाचेची कळ सकाळी पहिल्या पावलाला येते का दिवस सरताना, आतल्या बाजूला का मागच्या, एवढं सांगितलं तरी तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं. आणि पुढच्या वेळी टाचदुखीचा लेख आला तर तो काट्याचा फोटो पहिला लावू नका. तळव्याकडचं चित्र लावा आणि पट्टा जिथून सुरू होतो त्या जागेवर बाण काढा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, आपली जुनी वाचक